बारशाचं पान

नंदा गेल्याचं मला माझ्या मुलानं, सारंगनं सांगितलं. सकाळी कॉलेजात शिकवायला निघायची माझी घाई, एका पायात चप्पल, आणि लातूरहून त्याचा फोन. "आई, नंदामावशी गेली." मी त्याच्यावरच खेकसले, "काल सकाळी तर जरा बरी हाय म्हणलास की!" तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मी उंबऱ्यावरच बसले... सतरा वर्षांचं पोरगं, बारावीचं ओझं डोक्यावर, घरापासून लांब, आणि पहिलं मरण जवळून बघितलं ते हिचं. ताप डोक्यात गेला म्हणे. पाच दिवस दवाखान्यात होती. मी 'रविवारी येते' म्हणून कळवलं होतं. ती शुक्रवारी गेली.

आता महिना होऊन गेला. महानंदा हे तिचं पूर्ण नाव, पण आम्ही सगळ्या नंदाच म्हणायचो. तिच्यावर कुणी लिहील असं वाटत नाही. लातूरला शिकायला आलेल्या पोरापोरींना डबे पुरवणारी एक बाई, एवढीच तिची ओळख राहिली. ती लिहायची, हे माझ्याशिवाय फार कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असून मी काय दिवे लावले ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. तिच्याजवळ जपून ठेवलेली एकच गोष्ट होती. ती मी मागून, हट्टानं, शपथ घालून घेतली. घेतली ती कुणाची होती, हे मला कळलं तिच्या तेराव्याला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

दहावीला बरे मार्क पडले की पोरगी लातूरला धाडायची, हे तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. आमच्या नांदेडच्या गल्लीतून मी पहिली. वडील शाळेत मास्तर, त्यांना माझ्यात डॉक्टरीण दिसत होती. लातूरला एका घराच्या माडीवर आम्ही सहा जणी एका खोलीत. पहाटे क्लास, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि दर रविवारी टेस्ट. त्या खोलीत नंदा होती. भूकंपात गेलेल्या एका गावची. आई नाही, वडील एस.टी.त ड्रायव्हर, एवढं माहीत होतं. तिच्याकडं भूकंपग्रस्ताचा दाखला होता, आणि आम्ही खुशाल तिला म्हणायचो, "तुला काय गं घोर, तुझी सीट पक्की हाय." ती हसायची. त्या दाखल्यासाठी काय मोजलं असेल, हे सोळाव्या वर्षी आमच्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्या तर नाहीच. मी लई शहाणी होते ना!

घरमालकीणकाकूंच्या खोलीत टी.व्ही. होता. संध्याकाळच्या क्लासला पंधरा मिनिटं उशीर करून आम्ही एक मालिका बघायचो. त्यातले गार्गी आणि समीर म्हणजे आमचा जीव की प्राण. मग मालिकेवाल्यांनी समीरला परदेशी धाडला, गार्गीचं लग्न दुसरीकडंच ठरवलं, आणि त्याच सुमाराला काकूंनी आमची टी.व्ही.बंदी केली. खोलीत सुतकच पडलं. तेव्हा नंदानं फिजिक्सच्या वहीची मागची पानं काढली आणि पुढं काय झालं ते स्वतःच लिहिलं. समीर परत आला, गार्गी त्याच्यावर रुसली, दोघं पावसात भांडले... वही हातोहात फिरली. मुंबईच्या बंगल्यात राहणारा तो समीर सकाळी नाश्त्याला सुशीला खायचा. मुरमुऱ्यांची, शेंगदाणे घातलेली, आमच्याकडची सुशीला! आम्ही हसून हसून लोळलो. "अगं, ती लोकं ब्रेडबटर खातात," मी म्हणाले. नंदा म्हणाली, "माझ्या गोष्टीत हेच खातील. आवडंल त्यांना."

तिला ती गोष्ट समीर परत येतो तिथंच थांबवायची होती. गार्गी दार उघडते आणि संपलं. मीच पहिली ओरडले. "असं कुठं असतंय का? लगीन लाव त्यांचं!" तिनं लावलं. आठ पानं नुसतं लग्न, रुखवतापासून वरातीपर्यंत. तरी आमचं पोट भरेना. लग्नानंतर गोड बातमी नको? मग डोहाळे, मग बाळ, मग बारसं. बारशाशिवाय गोष्ट संपली असं कुणी मानायला तयारच नव्हतं. पण बाराव्या दिवशीचा पाळणा सजवून, बायकांना घुगऱ्या वाटून, आत्याला बाळाच्या कानाशी नेऊन नंदा थांबायची. नाव लिहायची नाही. तिथं एक रेघ ओढायची आणि वही पुढं सरकवायची. "तुम्ही लिवा." मला त्यात गंमत वाटली. मी नियमच केला, की रविवारच्या टेस्टला ज्या पोरीला सगळ्यात जास्त मार्क तिनं त्या रेघेवर नाव लिहायचं. बाकीच्यांनी पलंगावर पाळणा धरल्यासारखी चादर झुलवायची आणि तिच्या पाठीत धपाटे घालून कुर्रर्र करायचं. एक गोष्ट संपली की त्याच दोघांची दुसरी. दोन वर्षांत समीर-गार्गीला किती लेकरं झाली असतील देव जाणे, आणि प्रत्येकाचं नाव मार्कांवर ठरलेलं. बारशाचं पान म्हणायचो आम्ही त्याला. केमिस्ट्रीत पोरी रडत, पण त्या पानासाठी रात्रंदिवस घोकत. नंदा मात्र दर वेळी चादरीच्या कडेला बसून आमच्याकडं बघायची. तिला सगळ्यात जास्त मार्क पडले, तेव्हा तिनं आपली पाळी दुसरीला देऊन टाकली. मी म्हणाले, "भाव खाऊन राहिली ही!"

बारावीची परीक्षा झाली. ट्रंका भरताना मी तिच्यामागं लागले, की जाता जाता एक गोष्ट फक्त माझ्यासाठी लिही, आणि या खेपेला बाळाचं नाव तू ठेव. ती नको म्हणाली. मी चिडवलं, रुसले, दोन दिवस बोलले नाही. तरी नको. शेवटी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाले, "माझी शपथ हाय तुला." तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ही रडणार. "शुभे, दुसरं काय बी माग गं." "न्हाई. नावच पाहिजे." मग तिनं लिहिलं. गोष्ट दोनच पानांची होती, तिच्या नेहमीच्या मानानं अगदी कोरडी. शेवटी रेघ नव्हती. रेघेच्या जागी 'सारंग' असं लिहिलं होतं, इतर अक्षरांपेक्षा जरा मोठं. मी ते पान फाडून ट्रंकेत टाकलं आणि नांदेडची गाडी पकडली. जिंकल्यासारखं वाटलं होतं मला.

डॉक्टर मी झाले नाही, तीही नाही. तिचा तो दाखलाही दोन मार्कांनी कमी पडला. ती डी.एड. करून उदगीरकडं दिली गेली. मी एम.एस्सी., बी.एड. होऊन नांदेडातच राहिले, लग्न झालं, आणि मुलगा झाला. माझ्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, कानात काय नाव सांगू?" मी ट्रंक उघडून ते पान काढलं. नंदाला मुद्दाम बोलावलं होतं, तिनं ठेवलेलं नाव म्हणून. तिला सांगितलं मात्र नव्हतं. वाटलं, ऐकून किती हरखेल! ती विणलेलं टोपडं घेऊन आली. पाळण्याशी उभी होती. नणंदेनं कानात नाव सांगितलं, कुर्रर्र झालं, बायकांनी एका सुरात 'सारंग' म्हटलं, आणि नंदानं पाळण्याची दोरी सोडली. तशीच बाहेर गेली, चपला घातल्या, आणि जेवायचीसुद्धा न थांबता एस.टी. स्टँडावर गेली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तिला अजून काही न्हाई ना. पोटात दुखलं असंल." मला खरं वाटलं ते... मला ते लगेच खरं वाटलं, याची आज शरम वाटते. दोन वर्षांनी मुलीच्या वेळी डोहाळजेवण झालं. अख्ख्या कॉलेजला बोलावलं मी, नंदाला नाही. तिला कळलं असणारच. तिनं मुलीसाठीही टोपडं पाठवलं, कुणाच्या तरी हाती.

तिला मूल झालं नाही. सातव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली. तिला काढून नाही दिलं, पण घरात एक पलंग आणि चूल एवढंच उरलं, तेव्हा तीच उठून लातूरला वडिलांकडं आली. आमच्या वेळी चार गल्ल्यांत होते ते क्लास आता गावभर झाले होते, मोठमोठे बोर्ड लावून. पोरांना जेवण लागायचं. तिनं पत्र्याच्या शेडमध्ये मेस काढली. आणि भाज्या चिरून झाल्या की ती फोनवर लिहायला लागली. एका ॲपवर असल्या गोष्टी भागाभागानं येतात. मालिकेतली जोडी घ्यायची आणि मालिकेनं जे केलं नाही ते आपण करायचं. टोपणनावानं लिहायची, पण मी एका दुपारी स्टाफरूममध्ये वाचता वाचता ओळखलं. दादरच्या फ्लॅटमध्ये नायक सुशीला खात होता.

मी तिला काही सांगितलं नाही. चोरून वाचत राहिले. खाली वाचकांचे शेरे असायचे. 'ताई, लग्न कधी लावता?' 'जुळी होऊ द्या ना.' आमची माडीवरची खोलीच होती ती, फक्त आता त्या खोलीत गावोगावच्या बाया. तीही पुरवायची सगळ्यांचे हट्ट. बारशाला थांबायची आणि खाली लिहायची, नाव तुम्ही सुचवा. मग तिची शेवटची गोष्ट आली. त्यात नायिकेला मूल होत नाही. दोघं दवाखाने करून दमतात, एका संध्याकाळी ओट्याशी उभं राहून चहा पितात, आणि नायिका म्हणते, आता आपण दोघंच. तिथं गोष्ट संपली. फार सुंदर होतं ते. मी स्टाफरूममध्ये डोळे पुसले, आणि खालचे शेरे वाचले तर बायांनी तिला फाडून खाल्लं होतं. फसवलंत म्हणे. वांझोटा शेवट म्हणे. आणि मी काय केलं? खोट्या नावानं मीही लिहिलं, 'बारसं दाखवा. नाहीतर एवढे भाग वाचून आम्हाला काय मिळालं?' का लिहिलं? आजही नीट सांगता येत नाही. मला ती अजून तीच खोली वाटत होती, जिथं मी ओरडले की ती ऐकायची. तिचं उत्तर आलं. 'माझ्याजवळ एकच नाव होतं, ताई. ते देऊन झालं.' मी ते नाटकी समजले. त्यानंतर तिनं काहीच लिहिलं नाही.

सारंग अकरावीला लातूरला गेला, तेव्हा तिचाच फोन आला. इतक्या वर्षांनी. "शुभे, बाळाला जेवायला माझ्याकडं पाठव." मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली. पोरगं तिच्या हातचं खाऊन गुबगुबीत झालं. पण ती त्याला कायम बाळ म्हणायची. मेसच्या डब्यांवर ती तैलरंगानं पोरांची नावं लिहायची. गजानन, विशाल, आकाश. आमच्या चिरंजीवांच्या डब्यावर 'बाळ'. पोरं क्लासात बाळ्या म्हणून चिडवायला लागली. सारंग कुरकुरला, आणि मी फोन करून तिला झापलं. "अगं, त्याला नाव न्हाई का?"

"हाय की. लई चांगलं हाय."

"मंग घे की ते! काय बाळ बाळ लावलंय?"

पलीकडं डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "घेईन कधीतरी." डबा तिनं तसाच ठेवला.

तेराव्याला मी लातूरला गेले. शेडमध्ये पोरं पंगतीला बसली होती. नंदाचे वडील, आबा, भिंतीला टेकून होते. मला राहवलं नाही. मेलेल्या माणसाकडंही हिशेब मागायची खोड! मी विचारलं, "आबा, तिनं माझ्या लेकाला कधी नावानं हाक मारली न्हाई. माझ्यावर काय राग होता का हो तिचा?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "राग कशाचा, पोरी? तुला तिनं सांगितलं न्हाई?"

मग ते बोलत राहिले, अगदी साध्या आवाजात. भूकंपाच्या आधी त्यांच्या घरी गणपती बसले त्या दिवशी मुलगा झाला होता. नंदाच्या पाठीवर नऊ वर्षांनी. सगळे म्हणत, गणपत नाव ठेवा. नंदा अडून बसली, की नाव मीच ठेवणार. कुठं तरी पाव्हण्याच्या पोराचं नाव ऐकून आली होती, ते तिच्या मनात भरलेलं. बारसं होईपर्यंत नाव फोडायचं नसतं म्हणून तिनं आत्याला तेवढं सांगून ठेवलं होतं. बारसं एका दिवसावर आलं होतं. आबा मुक्कामी गाडी घेऊन नांदेडला. गणपती बोळवून दमलेली नंदा पोरांबरोबर रिकाम्या मांडवातच झोपली, म्हणून वाचली. आई, आजी, बारशाला आलेली आत्या, आणि बाळ, चौघं घरात होते...

"छावणीत एक माणूस याद्या करून राहिला होता," आबा म्हणाले. "ह्यांची नावं सांगितली. बाळाचं काय नाव? म्यां म्हणलं, साहेब, बारसं न्हाई झालं. त्यानं 'बाळ' लिवलं. तवा हिनं माझा सदरा वढला. म्हणली, आबा, सारंग हाय त्याचं नाव. तो भला माणूस होता, पण म्हणला, बेटा, आता लिहून झालं. सहीशिक्क्याच्या कागदात आजबी बाळच हाय बघ. तुझ्या पोराच्या बारशाहून आली, तवा मला म्हणली, आबा, आपल्या बाळाचं नाव ठेवलं आज. बोलली, आन् दिवसभर पडून राहिली."

मी पर्समधून ते फाटकं पान काढलं. परत द्यायचं म्हणून नव्हे, दाखवायचं म्हणून नेलं होतं. आबांच्या हातात दिलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. त्यांनी ते चाचपून बघितलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं. "तुझ्या पोराचं हाय," म्हणाले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि भडभडून रडले. पोरं जेवता जेवता बघत होती, मला कशाचंच भान नव्हतं. तिनं दिलं, असं आबा म्हणतात. तिनंही तसंच लिहिलं होतं. पण देणाऱ्याला कुणी शपथ घालतं का? मी नेलं. आणि नेऊन वर तिलाच विचारत राहिले, त्याला नाव न्हाई का.

परतताना गाडीत सारंग शेजारी होता, दोन दिवस घरी येतो म्हणून निघालेला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, मावशीनं एकदा मला नावानं हाक मारली." गुरुवारी दुपारी, दवाखान्यात. तो पाणी पाजत होता. तिनं डोळे उघडले, त्याच्या मनगटाला घट्ट धरलं आणि म्हणाली, "सारंग, बाहेर ये." तो म्हणाला, मावशी, मी इथंच हाय. तिनं ऐकलं नाही. "बाहेर ये, सारंग. लवकर बाहेर ये." तापात बरळते म्हणून नर्सनं त्याला बाजूला केलं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही की ती कुणाला बोलावत होती. कसं सांगू? तू ज्या नावानं जगतोस ते एका अकरा दिवसांच्या पोराचं आहे, असं?

ॲपवर तिच्या शेवटच्या गोष्टीखाली अजून शेरे येतात. परवा एकीनं लिहिलंय, 'ताई रुसलात का? एक बारसं तर दाखवा.' मी उत्तर लिहायला घेते आणि पुसते. तिचा तो डबा आबांनी आमच्याबरोबर दिला. आता तो माझ्या ओट्यावर असतो. रंग जरा उडालाय, पण अक्षर तिचंच, गोल गोल, वहीतल्यासारखं. मी त्यात काही भरत नाही. घासताना 'बाळ' या अक्षरांवर हात हलका पडतो, एवढंच.

मागच्या आठवड्यात सारंग सुट्टीला घरी आला. दुपारी ताट वाढलं आणि त्याला हाक मारायला गेले, तर नाव ओठांवर येईना. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. भाकरी गार होऊ लागली. शेवटी म्हणाले, "बाळ, जेवायला ये."

तो दारातच थांबला. डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई," तो म्हणाला, "तू पण?"